हँगरमधून बाहेर आलेल्या विमानाचे पहिले उड्डाण: वैमानिक कुठे चुकतात आणि ते कसे टाळायचे

शिरपूर, जळगाव, धुळे या पट्ट्यात उडणारी शिकाऊ विमाने दर ५० आणि १०० तासांनी हँगरमध्ये जातात. तेल बदलले, प्लग साफ केले, टायर बदलला एवढ्यासाठी वेगळे चाचणी उड्डाण लागत नाही. इंजिन किंवा सिलिंडर बदलला, प्रोपेलर ओव्हरहॉल होऊन आला, एलेरॉन-एलिव्हेटर-रडर (विमानाचा कल, नाक आणि दिशा सांभाळणारे हलते भाग) काढून पुन्हा बसवले, केबलचा ताण बदलला, पंख उतरवले, की विमान शिकाऊ मुलाच्या हाती देण्याआधी कुणीतरी ते तपासून उडवायला हवे. या उड्डाणात होणाऱ्या चुका नेहमीच्या उड्डाणापेक्षा वेगळ्या असतात. रोजच्या उड्डाणात वैमानिक 'विमान ठीक आहे' असे धरून चालतो आणि ते बहुधा खरेच असते. इथे उलट धरायचे: ज्या भागाला हात लागला तो बिघडलेला आहे, आणि तो ठीक असल्याचा पुरावा अजून मिळायचा आहे. पुढे जे सांगितले आहे ते सगळे याच गृहीतकातून येते.

उदाहरणे सेस्ना १७२एसची घेतली आहेत. तुमचे विमान वेगळे असेल तर आकडे त्याच्याच पुस्तकातून घ्या.

आधी हे बघा: उडायची गरज आहे का?

जे जमिनीवर तपासता येते ते जमिनीवरच संपवा. १७२च्या स्टॉल वॉर्निंगचेच घ्या, म्हणजे वेग कमी होऊन पंखांची उचल तुटण्याआधी (स्टॉल) वाजणाऱ्या भोंग्याचे. डाव्या पंखाच्या पुढच्या कडेला एक लहान भोक असते. त्यावर स्वच्छ रुमाल धरून तोंडाने हवा ओढली की भोंगा वाजतो. नाही वाजला तर आत किडा, माती किंवा फाटलेली नळी आहे. हे कळायला ४,००० फुटांवर जाऊन स्टॉल करायची गरज नाही. तरीही 'वर गेल्यावर बघू' म्हणत असल्या गोष्टी उड्डाणाच्या यादीत ढकलल्या जातात. यादी लांबली की घाई होते, आणि घाईत ओळी सुटतात.

नियंत्रणांना हात लागला असेल तर दोन वेगवेगळ्या व्यक्तींनी स्वतंत्रपणे तपासणी केल्याच्या दोन सह्या कागदावर हव्यात. दुसरी सही करणाऱ्याने खरोखर वाकून बघितले की पहिल्याच्या शब्दावर सही ठोकली, हे तोंडावर विचारायला वैमानिकाने लाजू नये.

एएमई (देखभाल अभियंता) यांच्यासोबत पंधरा मिनिटे

हँगरमध्ये, विमानाशेजारी उभे राहून, टेक लॉग (विमानातल्या दोषांची आणि दुरुस्तीची वही) आणि वर्क ऑर्डर हातात घेऊन बोला. प्रश्न नेमके असू द्या. काय उघडले? काय बदलले? काय फक्त सैल केले आणि पुन्हा आवळले? ट्रिम टॅबची (नियंत्रणावर सतत द्यावा लागणारा जोर कमी करणारी छोटी पट्टी) रॉड फिरवली असेल तर किती फेरे आणि कोणत्या बाजूला? त्यामुळे हवेत काय जाणवायला हवे? कामाच्या वाटेत आला म्हणून आणखी कोणता भाग हलवला? या शेवटच्या प्रश्नाला बऱ्याचदा सगळ्यात कामाचे उत्तर मिळते.

तोंडी निरोपावर विसंबण्याची किंमत १२ जानेवारी २००९ रोजी इंग्लंडच्या नॉरफोकवर दिसली. इझीजेटचे बोइंग ७३७-७०० देखभालीनंतर तपासणीसाठी वर गेले होते. हायड्रॉलिक दाब काढून एलिव्हेटर हाताने कसे चालते ते बघायचे होते. देखभालीआधीच्या उड्डाणात ट्रिममध्ये किरकोळ दुरुस्ती लागेल असे दिसले होते, पण ती गोष्ट देखभाल करणाऱ्यांपर्यंत नीट लिखित स्वरूपात पोचली नाही. बॅलन्स टॅब फिरवला गेला तो उलट्या दिशेला, आणि त्याची नोंदही झाली नाही. दाब काढताच विमानाने नाक खाली घातले. सुमारे ९,००० फूट गमावून ते ५,६०० फुटांच्या आसपास सावरले. विमानातले चौघेही वाचले. 'थोडं नाक जड आहे, बघून घ्या' या वाक्यात दिशा नाही, माप नाही, आणि ऐकणारा त्याचा अर्थ आपल्या परीने लावतो.

कोण बसणार

कमीत कमी माणसे. शिकाऊ मुलगा तास भरून घ्यायला मागे बसला, कुणी गंमत म्हणून आला, हे चालणार नाही. दोघेही त्याच प्रकारच्या विमानावर सराव असलेले असावेत. युरोपात अशा उड्डाणांचे दोन वर्ग केले आहेत: ज्यात आपत्कालीन कृती वापरावी लागण्याची शक्यता असते किंवा पर्यायी यंत्रणा व सुरक्षा साधने तपासायची असतात तो 'अ', बाकीचा 'ब'. 'अ' वर्गासाठी वैमानिकाला वेगळे प्रशिक्षण लागते. आपल्याकडच्या छोट्या हँगरमध्येही ही विभागणी मनाशी ठेवावी. नवीन रेडिओ तपासायला जो चालतो, तोच एलेरॉन नव्याने बसवलेल्या विमानाला चालेल असे नाही.

एकाने फक्त उडवायचे. दुसऱ्याने कार्ड (करायच्या चाचण्यांची यादी) वाचायचे, आकडे लिहायचे आणि बाहेर बघायचे. संकटात नियंत्रण कोणाकडे राहील हे जमिनीवरच ठरवा.

चाचणी कार्ड

कार्ड उत्पादकाच्या किंवा मंजूर कार्यक्रमातूनच घ्यावे. दुसऱ्या कंपनीचे कागद इंटरनेटवरून उतरवून वापरू नयेत. प्रत्येक ओळीत सहा गोष्टी हव्यात: सुरुवातीची उंची, विमानाची स्थिती, करायची कृती, अपेक्षित आकडा, थांबायची हद्द, आणि हद्द ओलांडली तर काय करायचे. बहुतेक कार्डांत पहिल्या चार असतात, शेवटच्या दोन नसतात. आणि घात होतो तो तिथेच.

१७२एसच्या स्टॉल वॉर्निंगची ओळ अशी लिहिता येईल. उंची जमिनीपासून ४,००० फूट. फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेच्या खाली येणाऱ्या पट्ट्या) वर, पॉवर बंद, वेग सेकंदाला एक नॉट या दराने कमी. भोंगा स्टॉलच्या ५ ते १० नॉट आधी वाजला पाहिजे. पूर्ण वजनाला फ्लॅप वर असताना स्टॉल ४८ नॉटला होतो, आणि चाचणीचे विमान हलके असल्याने तो त्याच्याही खाली होईल. म्हणून ४८ नॉटपर्यंत भोंगा नाही वाजला तर पुढे ओढत बसू नका. नाक खाली, पॉवर, नोंद. पंख १५ अंशांपेक्षा जास्त कलला तर चाचणी तिथेच संपली. जमिनीपासून ३,००० फुटांखाली काहीही सुरू करायचे नाही.

इथे खानदेशातल्या वैमानिकाने एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तापीचे खोरे सपाट आहे, त्यामुळे उंची मोजण्याची सवय सैल पडते. जळगाव विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ८४० फुटांवर आहे, म्हणजे क्यूएनएच (समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवणारी उंचीमापकाची मांडणी) लावून ४,००० दिसले तर खाली ३,२०० फूटही उरत नाहीत. उत्तरेला सातपुड्याकडे सरकत गेलात तर हिशेब आणखी बिघडतो. तोरणमाळचे पठार ३,७०० फुटांच्या घरात आणि अस्तंभ्याचा डोंगर ४,३०० फुटांच्या वर आहे. चाचणीचा पट्टा खोऱ्यातच ठेवा, इंजिन बंद पडले तर धावपट्टी गाठता येईल इतक्या अंतरावर. १७२ हजार फुटांमागे साधारण दीड सागरी मैल तरंगते. वारा समोरून असेल तर त्याहून कमी.

वेळ आणि हवा

दिवसा, ढगाबाहेर, क्षितिज स्पष्ट दिसत असताना. २२ डिसेंबर १९९६ रोजी अमेरिकेत व्हर्जिनियातल्या नॅरोजजवळ एक मालवाहू डीसी-८ मोठ्या कामानंतरच्या तपासणीत कोसळले. रात्र होती, बाहेर क्षितिज दिसत नव्हते, आणि कार्डावर स्टॉलची चाचणी होती. स्टॉलमधून बाहेर काढताना नियंत्रणे चुकीची वापरली गेली. धोक्याचा इशारा देणारे स्टिक शेकरही चालले नाही. सहाही जण गेले. ज्या इशाऱ्यावर विसंबून चाचणी करायची तोच इशारा कदाचित नादुरुस्त असतो, म्हणून तर चाचणी करतो आपण!

मे महिन्यात जळगावला ४४ अंश असताना काय होते ते मांडून बघा. ८४० फुटांवर प्रमाण तापमान सुमारे १३ अंश. फरक ३१. प्रत्येक अंशाला साधारण १२० फूट धरले तर ३,७०० फूट वाढतात, आणि डेन्सिटी अल्टिट्यूड (विरळ हवेमुळे विमानाला जाणवणारी उंची) ४,५०० फुटांच्या घरात जाते. उन्हाळ्यात हवेचा दाब कमी असतो, त्याचे आणखी दोन-तीनशे. साधे इंजिन अशा हवेत आठवा हिस्सा तरी ताकद गमावते. आता नव्या इंजिनाची चढण्याची गती कमी दिसली, तर दोष इंजिनाचा की उन्हाचा? १७२एसच्या पुस्तकातला टेक-ऑफचा तक्ता ४० अंशांवर संपतो. त्यापलीकडचा आकडा अंदाजाने काढून 'इंजिन कमजोर' किंवा 'चालतंय' असा शेरा मारणे, दोन्ही चूकच. सूर्योदयानंतरचे दोन तास हीच चाचणीची वेळ. अकरानंतर कपाशीच्या काळ्या रानावरून उठणारे झोत विमानाला हलवू लागतात, आणि ट्रिममधला बारीक दोष त्या हलण्यात लपून जातो.

विमानाभोवतीची फेरी

ही रोजची फेरी नाही. कामाच्या यादीतला प्रत्येक भाग शोधून बघायचा. काउलिंगचे (इंजिनावरच्या आवरणाचे) सगळे फासनर, सेफ्टी वायर, तपासणीची झाकणे, तेलाचे झाकण, इंधनाची झाकणे, ड्रेनमधून काढलेला इंधनाचा नमुना. आत बसल्यावर सर्किट ब्रेकर, फ्युएल सिलेक्टर, सीट रेलवर नीट अडकली आहे की नाही, आणि ट्रिम कुठे आहे. मेकॅनिक आपल्या सोयीने स्विच हलवतात, ते मूळ जागी येतीलच असे नाही. सीटखाली राहिलेला टॉर्च किंवा चिंधी हा विनोदाचा विषय वाटतो, तो एलिव्हेटरच्या केबलखाली जाऊन अडकेपर्यंत.

पिटो आणि स्टॅटिकला (वेग आणि उंची मोजण्यासाठी हवा घेणारी नळी आणि भोके) जास्त वेळ द्या. हँगरमध्ये पंधरा दिवस उभ्या राहिलेल्या विमानाच्या पिटोत कुंभारीण माशी मातीचे घर करते. विमान धुतले असेल तर आणखी जपून. २ ऑक्टोबर १९९६ रोजी एरोपेरूचे बोइंग ७५७ लिमाजवळ समुद्रात पडले आणि ७० जण गेले. धुताना स्टॅटिक पोर्टवर लावलेली चिकटपट्टी तशीच राहिली होती. आपल्याकडे काळ्या मातीची धूळ बसते म्हणून पाइपने पाणी मारायची सवय आहे. पाण्याची धार पिटो, स्टॅटिक किंवा स्टॉल वॉर्निंगच्या भोकावर थेट येऊ देऊ नका. झाकणाला लाल फडके बांधा, आणि किती झाकणे लावली ते टेक लॉगमध्ये लिहा, म्हणजे काढताना मोजता येतील.

दिशा, फक्त 'हलतंय' नव्हे

सगळ्या लेखातले एकच वाचायचे असेल तर हे वाचा. 'कंट्रोल्स फ्री' म्हणायची जिभेला सवय लागते आणि 'करेक्ट' नुसते मागून येते. केबल उलट जोडली असेल तरी नियंत्रण पूर्ण आणि मोकळे हलते. चूक असते ती फक्त दिशेची.

२० मार्च २००१, फ्रँकफर्ट. लुफ्तान्साच्या ए३२० मध्ये दुरुस्तीत तारा उलट जोडल्या गेल्या होत्या. कॅप्टनने उजवीकडे दिले की विमान डावीकडे कलत होते. पंख जमिनीला टेकता टेकता राहिला. सह-वैमानिकाच्या बाजूची जोडणी ठीक होती, त्याने विमान सांभाळले. ११ नोव्हेंबर २०१८, पोर्तुगाल. एअर अस्तानाचे एम्ब्रायर १९० मोठ्या देखभालीतून निघाले ते एलेरॉनच्या केबल उलट बसवूनच. देखभालीच्या काळात नियंत्रणप्रणालीबद्दलचा एक इशारा जात नव्हता, सगळ्यांचा वेळ तो घालवण्यात गेला. जमिनीवरच्या तपासणीत वैमानिकांनाही एलेरॉनची चुकीची दिशा दिसली नाही. विमान बऱ्याच वेळा हाताबाहेर गेले, आणि शेवटी बेजाच्या तळावर उतरले. २६ ऑगस्ट २००३, अमेरिकेतले हायॅनिस. बीच १९००डीच्या एलिव्हेटर ट्रिमची केबल बदलताना ट्रिम उलटी झाली. देखभालीनंतरची तपासणी अपुरी होती, मॅन्युअलमधले चित्र चुकीचे होते, आणि वैमानिकांनी यादीप्रमाणे तपासणी केली नाही. दोघेही गेले. तिन्ही ठिकाणी धावपट्टीवर जायच्या आधीच चूक डोळ्यांसमोर होती.

मग करायचे कसे? दुसरा माणूस विमानाबाहेर, शेपटीच्या बाजूला, प्रोपेलरपासून लांब उभा. इंजिन बंद. आतला माणूस योक (नियंत्रणाचे चाक) पूर्ण डावीकडे नेतो आणि मोठ्याने म्हणतो, 'डावीकडे'. बाहेरचा जे दिसते ते सांगतो: 'डावे वर, उजवे खाली'. बाहेरच्याने 'बरोबर' असे म्हणायचे नाही, फक्त जागा सांगायची. बरोबर की चूक ते आतला ठरवेल. एकट्याने बघताना योक धरून दोन्ही अंगठे सरळ वर ठेवा. योक वळवला की अंगठे ज्या बाजूला झुकतात त्या बाजूचे एलेरॉन वर असले पाहिजे. योक मागे ओढला की एलिव्हेटर वर. उजवा पॅडल दाबला की रडर उजवीकडे.

ट्रिम इथे फसवते, कारण टॅब एलिव्हेटरच्या उलट चालतो. १७२मध्ये तो उजव्या एलिव्हेटरच्या मागच्या कडेला आहे. ट्रिम 'नाक वर' केली की टॅब खाली गेला पाहिजे. पूर्ण नाक वर, पूर्ण नाक खाली, मग टेक-ऑफची खूण. खुणेवर असताना टॅब प्रत्यक्ष कुठे आहे तेही बघा, कारण सूचक आणि टॅब यांची जुळणी चुकू शकते. यानंतर मेकॅनिकने नियंत्रणाचा एक नट जरी पुन्हा आवळला तर ही तपासणी पहिल्यापासून.

इंजिन चालवणे

तेलाचा दाब ३० सेकंदांत आला नाही तर बंद करा. १७२एसला हिरवा पट्टा ५० ते ९० पीएसआय. १,८०० आरपीएमला एकेक मॅग्नेटो (प्लगला ठिणगी देणारे यंत्र) तपासा: आरपीएमची घट १५० पेक्षा जास्त नको, दोघांतला फरक ५० पेक्षा जास्त नको. पूर्ण थ्रॉटलला स्थिर विमानात २,३०० ते २,४०० आरपीएम. मग इंजिन बंद करून काउलिंग उघडा आणि गळती बघा. हा टप्पा आळसाने गाळला जातो. नवीन सिलिंडर असेल तर जमिनीवर जास्त वेळ चालवू नका, रिंगा बसायला त्याला हवेतली जास्त ताकद आणि थंडावा लागतो. अशा इंजिनाचे पहिले उड्डाण ६५ ते ७५ टक्के ताकदीवर सरळ असावे. त्याच उड्डाणात पॉवर बंद करून स्टॉल आणि टच-अँड-गो (टेकून लगेच पुन्हा उडणे) घुसवू नका. दोन उड्डाणे करा.

टेक-ऑफ

पूर्ण पॉवर, आरपीएम वाचा, तेल वाचा, मग ब्रेक सोडा. वेगाचा काटा हलला की दुसऱ्याने मोठ्याने सांगायचे. १७२एसचे नाक ५५ नॉटला उचलतो. अर्ध्या धावपट्टीपर्यंत त्याच्या ७० टक्के, म्हणजे ३९ नॉट आले नाहीत तर थांबा. जळगावची धावपट्टी सुमारे १,७०० मीटर आहे, एवढ्यात थांबायला भरपूर जागा उरते. लांब धावपट्टी बघून 'अजून थोडं जाऊ दे' असा मोह होतो, त्यासाठीच हा आकडा आधी ठरवायचा. पहिली दहा मिनिटे विमानतळाच्या डोक्यावरच.

हवेतल्या चुका

सगळ्यात मोठी चूक म्हणजे कार्ड बाजूला ठेवून जागेवरच काहीतरी ठरवणे. २७ नोव्हेंबर २००८ रोजी फ्रान्समध्ये पर्पिन्याँजवळ एक्सएल एअरवेजचे ए३२० भाडेकरार संपवून एअर न्यूझीलंडला परत देण्याआधी तपासायला उडाले. उड्डाणाआधी काही दिवस ते पाण्याने धुतले होते आणि हवेचा कोन मोजणाऱ्या सेन्सरवर झाकणे नव्हती. आत शिरलेले पाणी उंचीवर गोठले आणि तीनपैकी दोन सेन्सर अडकून पडले. हवाई नियंत्रणाने त्या क्षेत्रात सगळ्या चाचण्या करू दिल्या नाहीत, कार्यक्रम कापावा लागला. मग उतरायला येताना, सुमारे ३,००० फुटांवर, कमी वेगाची चाचणी उरकायचे ठरले. ती व्हायला हवी होती १४,००० फुटांवर. संगणकाने कमी वेगापासून वाचवायचे होते, पण अडकलेल्या सेन्सरांमुळे त्याला धोका कळलाच नाही. स्टॅबिलायझर नाक पूर्ण वर या ट्रिमवर जाऊन राहिला होता. हाताने ट्रिम करा असा संदेश पडद्यावर आला, त्यावर कृती झाली नाही. सात जण समुद्रात गेले. या वैमानिकांना अशा चाचणीचे खास प्रशिक्षण नव्हते.

परवानगी मिळाली नाही, उशीर झाला, ढग आले, तर ती ओळ त्या दिवसापुरती रद्द. उरलेली ओळ उतरता उतरता उरकायची नाही.

दुसरी चूक: कृती कार्डावर आहे, पण कार्डच चुकीचे आहे. ६ मार्च २००९ रोजी बेंगळुरूजवळ बिडदीला 'सारस' या भारतीय विमानाचा दुसरा नमुना (प्रोटोटाइप) कोसळून तिघे गेले. हवेत एक इंजिन बंद करून पुन्हा सुरू करायची ती चाचणी होती. डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालय) चौकशीत निघाले की पुन्हा सुरू करण्याची पद्धतच चुकीची आखली होती, आणि उंची अपुरी होती. तो नमुना होता, देखभालीतले विमान नव्हे; तरी डायमंड डीए४२सारख्या जुळ्या इंजिनाच्या शिकाऊ विमानांना हा प्रसंग लागू आहे. इंजिन बंद करायच्या आधी, ते परत सुरू झालेच नाही तर एकाच इंजिनावर कोणत्या धावपट्टीवर उतरणार, हे बोलून ठेवा.

बाकीच्या चुका लहान दिसतात. वेळ वाचवायला दोन ओळी एकदम करणे. मग दोष कशामुळे आला ते कळत नाही. एका चाचणीसाठी ओढलेला सर्किट ब्रेकर तसाच ठेवून पुढे जाणे. आकडा वाचायच्या आधी अपेक्षित आकडा मोठ्याने सांगणे. ऐकणाऱ्याला मग तोच दिसतो. आणि 'परत एकदा करून बघू'. चाचणी फसली की ती फसली. दुसऱ्यांदा करून चांगला आकडा आला तरी विमान दुरुस्त झालेले नसते.

उतरल्यावर

इंजिन थंड व्हायच्या आत टेक लॉग भरा. 'एलेरॉन जड', 'ट्रिम बरोबर नाही', 'विमान डावीकडे ओढते' अशी नोंद मेकॅनिकच्या कामाची नाही. अशी लिहा: 'दाब उंची ३,५०० फूट, बाहेरचे तापमान २९ अंश, २,४०० आरपीएम, १०५ नॉट, दोन्ही टाक्या समान, बॉल मध्ये. योक सोडल्यावर डावा पंख १० सेकंदांत १५ अंश खाली जातो. तीनदा तेच.' डाव्या टाकीत इंधन जास्त असते तरीही पंख खाली गेलाच असता, म्हणून टाक्यांचा उल्लेख. विमान आडवे घसरते का ते दाखवणारा बॉल मध्ये नसता तर दोष रडरचा असू शकला असता. हे वाचून एएमई थेट फ्लॅपच्या जुळणीकडे किंवा पंखाच्या मागच्या स्पारच्या (पंखातल्या तुळईच्या) जोडाकडे जाईल. त्याने कोणती दुरुस्ती केली, किती आणि कोणत्या बाजूला, हे त्याच पानावर खाली त्याच्या सहीने यायला हवे. पुढच्या उड्डाणाला जो बसेल तो याच पानापासून सुरुवात करेल.